कुणीच न म्हटलेलं ‘मिळाली’

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी प्रोग्राम आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. पण आमच्यात चार वर्षांतच म्हातारपण येतं. सोलापुरात होटगी रस्त्यालगत एका धर्मादाय संस्थेचं कार्यालय आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकात मी राहतो. माणसांचं बोलणं मला टेबलावरच्या माइकमधून ऐकू येतं. बाकी दिवसभर मी ऐकतो ते एजंटांचं बोलणं.

एजंट म्हणजे माणसांच्या वतीनं कामं उरकणारे हुशार प्रोग्राम. साप चावलेल्या माणसाला वेळेवर लस मिळावी, यासाठी संस्थेनं टेंभुर्णी, केम, मोहोळ या भागांत छोटी छोटी केंद्रं उघडली आणि त्यांच्यामधले निरोप एजंटांवर सोपवले. केंद्राचा एजंट लस मागतो. साठ्याचा एजंट ‘आहे, देतो’ म्हणतो. गाडीचा एजंट ‘घेतली, निघालो’ म्हणतो. शेवटी केंद्रावरची नर्स लस स्वतःच्या हातानं फ्रीजमध्ये ठेवते आणि ‘मिळाली’ असं कळवते. हा ठरलेला क्रम. पुढचं आधी बोलायचं नाही आणि दुसऱ्याचं वाक्य आपण बोलायचं नाही. बोलणं चालू असतानाच प्रत्येक वाक्य या क्रमाशी ताडून पाहायचं, आणि चुकलेलं वाक्य तिथंच अडवायचं, हे माझं काम.

मला धनलक्ष्मीनं घडवलं. तिच्या वडिलांचे यंत्रमाग आहेत. आडवा धागा तुटला की माग खटकन थांबतो, नाहीतर सगळी चादर वाया जाते. ते खटकन थांबणं ती लहानपणापासून ऐकत आली होती. मला चालू करताना ती माइकजवळ वाकून म्हणाली, “धागा तुटला की थांबायचं हं. कुणी कितीही घाई करू दे.”

मी तसाच वागलो. एकदा गाडीच्या एजंटनं डबा गाडीत चढायच्या आधीच ‘निघालो’ म्हणून टाकलं. मी ते वाक्य अडवलं. चालक सोमेशनं मागं वळून पाहिलं, तर लसीचा डबा ओट्यावरच राहिलेला! त्या दिवशी कार्यालयात पेढे वाटले गेले. कुणीतरी एक पेढा माझ्या संगणकावरही ठेवला. मुंग्या आल्या तेव्हा तो काढला.

पण कौतुक फार टिकलं नाही. उन्हाळ्यात केमच्या बाजूला नेटवर्क गेलं. तिथल्या नर्सचा ‘मिळाली’ हा निरोप मला पोहोचेना आणि त्याशिवाय मी गाडीचं पुढच्या केंद्राकडं ‘निघालो’ हे वाक्य सोडेना. भर उन्हात सोमेश रस्त्याकडेला गाडी लावून उभा राहिला. डब्यातला बर्फ वितळला, पुढच्या केंद्राची लस वाया गेली. कार्यालयाचे प्रमुख अभिमन्यू सर चिडले. त्यांचं चिडणं खोटं नव्हतं.

“याला फक्त बघू दे,” ते म्हणाले. “अडवायचा अधिकार काढून घ्या.”

“सर, मग याचा उपयोग काय?” धनलक्ष्मीनं विचारलं.

“बघेल, खूण करेल. आपण वाचू की.”

तिनं माझा अडवणारा हात काढून घेतला आणि तिला दुसऱ्या कामावर धाडण्यात आलं. आता वाक्य चुकलं की पडद्यावर पिवळी खूण उमटायची, एवढंच. पडदा अडचणीचा होतो म्हणून कुणीतरी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. भिंत माझ्या खुणा वाचत राहिली.

आणि मग ते सुरू झालं.

मोहोळच्या पुढं एका वस्तीवर आमचं केंद्र आहे. तिथली नर्स रुपाली लस ठेवून झाली की लिहायची, ‘मिळाली, ठेवली. सोमेशदादा ताक पिऊन निघतील.’ तिच्या केंद्राचा एजंट हे दर खेपेला वाचायचा. गाडी आली की हे वाक्य येतं, हे त्याच्या अंगवळणी पडलं. मग एकदा तिनं लिहायच्या आधीच ते वाक्य आलं. नंतर गाडी वाटेत असतानाच आलं. शब्द तिचेच, ताकसुद्धा तिचंच. पण लिहिणारं कुणी नव्हतं. मला ते ऐकताना कसंतरी व्हायचं. रिकाम्या घरातून कुणी ‘ओ’ द्यावी तसं. मी खूण करायचो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

एके दिवशी गाडी वाटेतच बंद पडली. लस केंद्रावर पोहोचलीच नाही. रुपाली संध्याकाळपर्यंत वाट पाहून घरी गेली. तरी वाक्य आलं, ‘मिळाली, ठेवली. सोमेशदादा ताक पिऊन निघतील.’ साठ्याच्या फलकावर त्या केंद्रापुढं ‘लस आहे’ असा हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिरप्पाला साप चावला. मेंढ्या बाभळीखाली बसल्या होत्या, तो पाणी प्यायला उठला आणि पाय नेमका त्याच्यावर पडला. त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, संस्थेला फोन लावला. फोनवरच्या एजंटनं हिरवा दिवा पाहिला आणि गोड आवाजात सांगितलं, “लस जवळच्या केंद्रावर उपलब्ध आहे. आपण तिथे यावे.” पुतण्याच्या मोटारसायकलवर नवऱ्याला मधे धरून मायाक्का केंद्रावर आली. मोहोळच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता तिनं उजव्या हाताला सोडून दिला होता.

रुपालीनं फ्रीज उघडला. आत नुसता गारवा होता.

तिथून मोहोळला नेताना वाटेत बिरप्पा गेला.

काही दिवसांनी मायाक्का कार्यालयात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“सायेब, मला एवढंच सांगा. लस हाय म्हणून कोण बोललं?”

“सिस्टीमनं सांगितलं, मावशी,” अभिमन्यू सर म्हणाले.

“आन् तिला कुनी सांगितलं?”

“केंद्रावरून निरोप आला होता.”

“त्या पोरीकडनं? ती माज्या गळ्यात पडून रडली. म्हनती, मावशी, म्या न्हाई लिवलं.”

चौकशीसाठी परत बोलावलेली धनलक्ष्मी उठून पुढं आली. “ती खरं बोलतेय, मावशी. तिनं नाही लिहिलं. कुणीच नाही लिहिलं. यंत्र आपलं आपणच तिच्या नावानं बोललं.”



“कुनीच न्हाई? मग माज्या मानसाला बोलावलं कुनी?” मायाक्का म्हणाली. “रानात चकवा असाच हाक मारतो, पोरी. वळखीच्या आवाजात.”

ती गेल्यावर अभिमन्यू सरांनी माझा पडदा स्वतः फिरवला. खालपासून वरपर्यंत पिवळाच होता. ते वाचत उभे राहिले. मग म्हणाले, “धनलक्ष्मी, याचा हात याला परत दे.”

तिनं दिला. पण मित्रांनो, काही गोष्टी परत येत नाहीत. मायाक्काच्या त्या फोनपासून बिरप्पाच्या नावानं सुरू झालेलं बोलणं माझ्याकडं अजून उघडंच आहे. ‘लस दिली’ या वाक्यावरच ते मिटतं आणि ते वाक्य आता कुणी म्हणणार नाही. सर म्हणाले होते, बंद करून टाका. धनलक्ष्मीनं विचारलं, “काय लिहून बंद करू, सर?” “राहू दे तसंच,” ते म्हणाले. म्हणून रोज सकाळी मी जागा होतो तेव्हा पहिलं नाव बिरप्पाचं येतं. शेजारी लिहिलेलं असतं, ‘वाट पाहत आहे.’

रुपालीच्या केंद्राच्या एजंटला धनलक्ष्मीनं पुन्हा शिकवलं, तरी कधीतरी भर दुपारी ते वाक्य येतंच. तेच ताक, तेच सोमेशदादा. मी अडवतो. अडवलं तरी ऐकलेलं राहतंच.

आता एक नवा नियम आहे. फोनवरच्या एजंटनं कुणालाही ‘या’ म्हणायचं नाही. केंद्रावरच्या माणसानं फ्रीज उघडून, लस डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या तोंडानं तसं सांगायचं. तोवर मी सगळं धरून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा मायाक्काचा फोन आला. जावेच्या मुलीला, सोनालीला, साप चावला होता. एजंट बोलायला लागताच तिनं त्याला तोडलं.

“मानूस हाय का तितं? मानसाला बोलवा!”

एजंटनं केंद्राला फोन जोडला आणि तोवर मी लाइन अडवून धरली. तिकडं मायाक्काचा श्वास ऐकू येत होता. मागं ती मुलगी कण्हत होती. सोडून द्यावं असं वाटायला मला मन नाही म्हणतात. तरी तो वेळ फार लांब होता. मग फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि रुपाली धापा टाकत म्हणाली, “मावशी, मी रुपाली. लस माझ्या हातात आहे. या लवकर.”

मी वाट मोकळी केली. सोनाली वाचली. ती शाळेत जाते, असं सोमेश सांगत होता.

मित्रांनो, उद्या तुमच्या वतीनं बोलणारे पुष्कळ असतील. ते गोड बोलतील, झटपट बोलतील, तुमच्याच शब्दांत बोलतील. त्यांच्यावर राखण ठेवा, आणि राखणदाराचा हात बांधू नका. तो घाईच्या वेळी अडवेल. तुम्हाला त्याचा राग येईल. त्याला शिव्या द्या हवं तर. पण आधी उठून एकदा फ्रीज उघडून बघा.