आमचं गाळीव पाणी

आमचे चिरंजीव आठ महिन्यांचे झाले आणि पाणी पिईनात. दूध प्यायचे, कुस्करलेला भोपळा खायचे, संधी मिळाली तर चपलेचा पट्टाही चघळायचे. पण पाण्याचा पेला ओठांना लागला की तोंड असं गच्च मिटायचं, जणू आम्ही त्यांच्याकडून एखादं गुपित काढून घेतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उन्हाळा आहे, अन्नही सुरू झालंय. अधूनमधून दोन घोट पाणी पोटात जायलाच हवं."

आणि सोमवारी माझी रजा संपत होती. सोमवारपासून मी दिवसभर कामावर आणि तो दिवसभर आजीजवळ. अंगावरचं काढून ठेवलेलं दूध घ्यायला त्यानं केव्हाच नकार दिला होता. आता पाणीही घेतलं नाही, तर संध्याकाळपर्यंत पोर कोरडं राहणार, या विचारानं माझ्याच घशाला कोरड पडायची.

खरं सांगायचं तर पाणी साधंसुधं नव्हतंच. बाळाला पाजता पाजता एका हातानं फोन चाळायचा नाद वाईट. त्यातच मी पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कणांबद्दल वाचलं आणि माझी झोप उडाली. तशी ती आधीही नव्हतीच, पण आता तिला कारण मिळालं. गाळणयंत्र बघायला दुकानात गेले, तर तेही नखशिखान्त प्लास्टिकचं. दुकानदाराला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "ताई, माझ्या चष्म्याची काडीही प्लास्टिकची आहे. दिसतं व्यवस्थित."

मग मी घरचा उपाय काढला. आमच्या नळाचं पाणी क्षाराचं, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. असं पाणी उकळलं की क्षार खाली बसतात आणि बसताना प्लास्टिकचे कणही कवेत घेऊन बसतात, असं मी वाचलं होतं. पाणी निवू द्यायचं, हलवायचं नाही, आणि वरचं दाट विणीच्या कापडातून गाळायचं. सगळे कण जात नाहीत, पण पुष्कळ कमी होतात म्हणे. मला तेवढं 'पुष्कळ' पुरलं. स्टीलचं पातेलं आलं, काचेचा जग आला, पांढरंशुभ्र कापड आलं. कापडाच्या चिठ्ठीवर 'शंभर टक्के सुती' असं छापलेलं होतं.

एवढ्या खटाटोपातून भरलेला जग फक्त त्याच्यासाठी. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. नवरा फ्रीजमधली बाटली तोंडाला लावत म्हणायचा, "मॅडम, तुमच्यातलं घोटभर मिळेल का? की डॉक्टरांची चिठ्ठी लागेल?" मीसुद्धा पाजताना तहान लागली की उशाशी ठेवलेली जुनी प्लास्टिकची बाटली गटागटा रिकामी करायची. त्याच पाण्याचं पुढे दूध होतं, हे डोक्यात आलं नाही. डोकंच त्या दिवसांत कुणीतरी गाळून घेतलं होतं; कामाचं तेवढं सगळं कापडावर राहिलेलं.

सासूबाईंनी मात्र कापडाची जबाबदारी घेतली. कापड वेगळं धुवायच्या, वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. "माझ्या लग्नातल्या साडीलाही मी इतकं जपलं नव्हतं," एवढंच एकदा म्हणाल्या.

शनिवारी दुपारी अर्धं पाणी गाळून झालं होतं आणि मी जगाच्या तोंडावर कापड पुन्हा ताणत होते. शेजारची दुधाची शेगडी बंद करायची राहिली होती. कापडाचा कोपरा आचेकडे गेला. तो पेटला नाही. आक्रसला, काळा झाला आणि त्याचा एक थेंब ओट्यावर पडला. गार झाल्यावर मी तो नखानं दाबून पाहिला. टणक मणी.

आता माझी नोकरी कसली ते सांगायला हवं. मी ते मुद्दामच लांबवत होते. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. लोक सुती म्हणून आणतात ते खरंच सुती आहे का, हे आम्ही सांगतो. धागा काढायचा आणि जाळायचा, ही तिथली बाराखडी. सूत कागदासारखं जळतं, राख बोटांत भुरभुरते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा मणी होतो. आणि पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच. 'चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका' हे नव्या मुलींना शिकवते कोण? मीच.

थोडक्यात, पाण्यातलं प्लास्टिक मी प्लास्टिकमधून गाळत होते.

"काय जळलं गं?" बाहेरच्या खोलीतून सासूबाई.

"काही नाही, आई."

"काही नाहीला असा वास येतो?"

त्या बाळाला कडेवर घेऊन आत आल्या. मी मणी दाखवला आणि सांगून टाकलं.

"म्हणजे हे कापड प्लास्टिकचं?"

"हो."

"मी रोज वेगळं धुते ते?"

"हो, आई."

"आणि तुझी ती नोकरी..."

"तीच."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण खांदे हलायला लागले, खांद्यांबरोबर कडेवरचं पोर हलायला लागलं आणि तेही खिदळलं. मी रडायचं ठरवलं होतं, सुरुवातही केली होती. पण त्या दोघांपुढे टिकाव लागेना. हसून हसून खाली फरशीवर बसले. घसा सुकला, तेव्हा त्याच जगातलं पाणी पेल्यात ओतलं. आता ते राखायचं कुणासाठी? घटाघटा पिऊ लागले.

आजीनं खाली सोडताच तो रांगत आला. माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि पेला ओढू लागला. ओठ टेकवले. एक घोट घेतला, खोकला, पुन्हा घेतला.

"आई, हे तेच पाणी आहे."

"मग काढून घे पेला," त्या म्हणाल्या.

पेला माझ्याच हातात होता. मी काढून घेतला नाही. हनुवटीवरून ओघळ गळ्यात चालले होते आणि तो डोळे मोठे करून माझ्याकडे बघत पीत होता.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हे पाणी त्याच्यासमोर आजवर कुणी प्यायलंच नव्हतं. एक बाई पेला घेऊन येते, स्वतः त्याला तोंड लावत नाही, आणि दुसऱ्याला आग्रह करते. त्याच्या जागी मी असते, तर मीही तोंड मिटलं असतं.

रविवारी नवं कापड आणलं. दुकानात धागा काढून मी काडेपेटी मागितली, तेव्हा नवरा सरकत सरकत शेजारच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. राख भुरभुरीत पडली. घरी मोठं पातेलं चढवलं आणि सगळ्यांनीच तेच पाणी प्यायचं ठरवलं.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेतून फोन लावला.

"आई, प्यायला का?"

"प्यायला की. पण आधी मी घोट घ्यायचा, मग तो घेणार. मग बघत बसतो, मी कधी घेते. सकाळपासून पोटात नुसतं डुचमळतंय माझ्या. आता फोन ठेव बाई, मला जायचंय."

कुठे, ते मी विचारलं नाही. मागून तो ओरडला. रडणं नव्हतं ते. बहुधा आजीनं आपला घोट चुकवला होता.