चंद्रीच्या गळ्यातील संवेदक

चंद्री म्हैस तडफडत होती, तेव्हा ओट्यावरच्या पेटीतील दिवा हिरवा होता. ती मेल्यावर तो लाल झाला. हिरवा म्हणजे निरोगी, लाल म्हणजे आजारी.

मित्रांनो, मी एक जुना संवेदक आहे. काडेपेटीएवढा, आता बंद पडलेला. २००७ साली कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात महांतेश नावाच्या तरुण प्राध्यापकाने मला घडवले. माझी बॅटरी सदऱ्याच्या बटणाएवढी होती. ती टिकावी म्हणून मी बहुतेक वेळ झोपून असे. अधूनमधून जागा होऊन म्हशीच्या मानेची हालचाल मोजी, गणित करी आणि बिनतारी संदेशाने एकच शब्द पेटीकडे पाठवी. सगळी मोजमापे पाठवण्याइतकी वीज माझ्याजवळ नव्हती. म्हणून निर्णय मलाच घ्यावा लागे.

त्यासाठी मला नियम सांगितले गेले नाहीत, उदाहरणे दिली गेली. महांतेशची आत्या बसव्वा हिच्या गवळी गल्लीतील गोठ्यात त्याने मला चंद्रीच्या गळ्यात बांधले. ती धडधाकट असतानाची मोजमापे 'निरोगी' म्हणून दिली, तापाने पडून राहिली तेव्हाची 'आजारी' म्हणून. दोहोंतील फरक मी शोधला आणि तो माझ्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. महाविद्यालयात कौतुक झाले. बसव्वाने माझ्यावर विभूतीची बोटे ओढली. चंद्री निवांत रवंथ करत बसली की कधी लाल दिवा लागे. बसव्वा हसे, "आळशाला आजारी समजतंय बघा!"

पुढल्या श्रावणात एका दुपारी कोवळ्या चाऱ्याने चंद्रीचे पोट फुगले. ती पाय आपटू लागली, बसू-उठू लागली. मी मोजले. उत्तर आले, निरोगी.

"अवो, म्हस उठाबशा काढतीया. डॉक्टरला बोलवा की!"

"दिवा हिरवा हाय न्हवं?" नवरा बसलिंगाप्पा म्हणाला. "लाल फुकट लागतोय, हिरवा कधी चुकलाय? तुझ्याच भाच्यानं केलंय. मास्तरापरीस तुला ज्यास्त कळतंय व्हय?"

मी झोपलो, जागा झालो. चंद्रीचा श्वास पट्ट्यावर आदळत होता. पुन्हा मोजले; पुन्हा तेच. मान जितकी झटके देई, तितके माझे उत्तर ठाम होई. पाठवायला माझ्याजवळ दोनच शब्द होते. 'मला कळत नाही' हा त्यांत नव्हता.

"डोळं फिरवलं हो तिनं!" बसव्वा किंचाळली. आता बसलिंगाप्पा धावला. डॉक्टर पोहोचले तेव्हा मान माझ्यासह जमिनीवर टेकली होती. मी मोजले आणि 'आजारी' पाठवले.

महांतेश आला. जुनी मोजमापे पाहत त्याने विचारले, "आत्ती, ही दिवाळीआधीची. तवा चंद्री रोज काय करत हुती?"

"काय म्हंजे? पाडव्याला म्हशी पळवायच्या न्हाईत व्हय? आमचं मालक फटफटी पुढं काढायचं, ही मागनं उधळायची. तूच टाळ्या वाजवत हुतास की!"

महांतेशने पेटीचा दिवा बंद केला.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या हाती एखादा जीव सोपवण्याआधी त्याला काय दाखवून शिकवले आहे, ते विचारा. पाडव्यासाठी म्हशींना मोटरसायकलमागे पळण्याचा सराव देण्याची इथल्या गवळ्यांची रीत आहे. माझी निरोगीपणाची सारी उदाहरणे त्या सरावातील होती; आजाराची सारी, पडून राहिलेल्या म्हशीची. त्यांतून मी शिकलो ते एवढेच : हालणे म्हणजे निरोगी, न हालणे म्हणजे आजारी.