माळकरणीचे बांगडे

“बांगडं? तुला?” शेवंती कोळणीनं विळी खाली ठेवली. “माल घातलेली ना गो तू?”

“घातलेली आहे. चार दे.”

“कुनासाठी?”

“ह्यांच्यासाठी. डॉक्टरनं सांगितलंय.”

पार्ल्याच्या बाजारात चौदा वर्षं मी तिच्यासमोरून नाकाला पदर लावून गेले होते. तिनं तो विषय काढला नाही. चार टपोरे बांगडे निवडून साफ करून दिले.

ह्यांचं विसरणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी चाव्या, मग मुलीचं नाव, मग आपला मजला. काल डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाली, “काकू, तळलेलं कमी करा. पालेभाज्या, जांभळं, अक्रोड, जवस द्या. आणि चालत असेल तर बांगडा, तारली. त्यातली चरबी मेंदूला चांगली.”

मी विचारलं, “मासे बंद केले म्हणून झालं का गं हे?”

“असं कुणीच सांगू शकत नाही, काकू. कारणं खूप असतात. आणि आता मासे खाऊन गेलेली आठवण परत येईल, असंही नाही.”

तिनं मला मोकळं केलं. मला मोकळं होता येईना.

चौदा वर्षांपूर्वी देवळात कीर्तन ऐन रंगात आलं होतं. बुवांचा आवाज असा लागला होता की पेटीवालासुद्धा डोळे पुसत होता. बुवांनी विचारलं, “कोण कोण माळ घालणार?” मी हात वर केला. शेजारी हे. बांगड्याच्या तिखल्याशिवाय ह्यांना रविवार रविवार वाटायचा नाही. भरात मी ह्यांचाही हात धरून वर केला. लोक हसले, हेही हसले. घरी येताना एवढंच म्हणाले, “विचारायचंस तरी, उत्तरा.”

“पांडुरंगाच्या कामात काय विचारायचं?” मी म्हटलं होतं. आणि दर रविवारी साबुदाण्याचे वडे तळत राहिले. मोठ्या प्रेमानं.

घरी येऊन मी गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली. “हे माझ्या नावावर घे रे, बाबा,” म्हटलं आणि तिरफळं घालून तिखलं केलं. हाताला सगळं आठवत होतं. त्याचीच लाज वाटली.

ताट समोर ठेवलं. वास येताच ह्यांचा चेहरा उजळला. हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला.

“झकास झालेलं दिसतंय,” ते माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाले. “पण राग मानू नका, बाई. आमच्या हिनं माळ घातलीय. तिला वाईट वाटेल.”

“ती काही म्हणणार नाही हो.”

“तोंडानं नाही म्हणणार.” त्यांनी बांगड्याची वाटी हलकेच माझ्याकडे सरकवली. “तुम्ही जेवा. दमलेल्या दिसता.”

मग त्यांनी भातावर नुसतं ताक ओतून घेतलं, आणि मी पहिला घास घेईपर्यंत ते हात आवरून बसून राहिले.