लख्ख दिसायलंय

भिमाबाईंना काहीही विचारा, उत्तर एकच: चांगलं हाय. भाजीत मीठ नसलं तरी चांगली, पावणा चार दिवस हलला नाही तरी चांगला. अशा बाईला लेकीनं आपल्या अभ्यासात साक्षीदार करावं, म्हणजे कमालच. पण दीक्षाला कोण सांगणार? आईचा शब्द म्हणजे तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

दीक्षा चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होती आणि दर रविवारी आकुर्डीला प्रकाशयोजनेचा कोर्स करत होती. वीज वाचवून चांगला उजेड कसा द्यायचा, दिवा आपोआप कधी लागावा, कधी मंद व्हावा, असं ते शिक्षण. शिकवणाऱ्या वर्षाली मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मीटर उजेड मोजतो. दिसतं की नाही, ते माणसालाच विचारावं लागतं." दीक्षाला हे इतकं पटलं की वर्गातले बाकीचे शोरूम आणि ऑफिसं शोधत असताना तिनं प्रकल्पासाठी पिंपरीतली आपली खोलीच घेतली.

आई तिथे खिडकीशी बसून कारखान्यातून येणारे गाड्यांचे रबरी वायसर, म्हणजे वॉशर, साफ करायची. साच्यातून निघालेल्या वायसरच्या कडेला फाजील रबर राहतो, तो कात्रीनं उडवायचा. अलीकडे कात्री तिच्या बोटांना लागत होती, माल परत येत होता. उजेड कमी पडतोय, असं लेकीनं ठरवून टाकलं. शिंप्याला फाटकं दिसतं, दिवेवालीला अंधार.

तिनं आईच्या बैठकीच्या वर छताला दिवा बसवला आणि खिडकीच्या चौकटीला सेन्सर. बाहेरचा उजेड सरला की दिवा आपोआप लागायचा.

"आई, दिसतंय ना?"

"लख्ख दिसायलंय गं."

एकदाच भिमाबाईंच्या तोंडून तक्रार निघाली. संध्याकाळचं डोकं ठणकायलंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायल्यात. दीक्षा चक्क हरखली. दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते ती कशी थोपवायची, हे ती नुकतंच शिकली होती. तिनं दिव्याला दुधी झाकण लावलं. मॅडमनी वर्गात कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. घरी येऊन विचारलं, तर आई म्हणाली, "गेली बघ कडी." विषय संपला.

थंडीच्या दिवसांत मॅडम प्रकल्प बघायला घरी आल्या. तिन्हीसांज उलटून गेली होती. दीक्षा त्यांना घेऊन दारात आली. दिवा लागलाच नव्हता. खिडकीसमोर त्याच दिवशी रस्त्याच्या दिव्याचा नवा खांब उभा राहिला होता आणि त्याचा पांढरा झोत नेमका सेन्सरवर पडत होता. सेन्सरला वाटत होतं, अजून दिवस आहे. आपली परीक्षा इथेच आटोपली असं वाटून दीक्षा घाईघाईनं सांगू लागली, "मॅडम, सेन्सरची दिशा जरा बदलली की..."

"या, या मॅडम," आतून भिमाबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी अर्ध्या काळोखातच वायसर कापत बसल्या होत्या. बोटांच्या अंदाजानं कात्री चालली होती. त्यांनी हात वर करून बंद दिव्याकडे दाखवलं. "बघा, माझ्या लेकीनं कसा उजेड केलाय. लख्ख दिसायलंय."

दीक्षाचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थबकला.

"आई, दिवा बंद आहे."

कात्री थांबली. भिमाबाईंनी आधी वर पाहिलं, मग खिडकीकडे तोंड वळवलं. "मंग ह्यो उजेड?"

"रस्त्याचा आहे."

"मला वाटलं, तुझाच हाय."

दीक्षा त्यांच्यापुढे येऊन बसली. "कधीपासून दिसत नाही तुला?"

"लई दिवस झाले. तुझी परीक्षा होऊ दे म्हणलं. एवढ्या हौसेनं दिवा लावलास. त्यात दिसंना, असं कसं सांगू?"

वर्षाली मॅडम दाराशीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "दीक्षा, ती कडी," त्या म्हणाल्या. "मी टाळ्या वाजवायला लावल्या. डोळे दाखवून आण, एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं मी." त्या दिवशी प्रकल्पाला किती गुण मिळाले, हे दोघींपैकी कुणालाच आठवलं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, औषधानं उरलेली टिकवू, असं ते म्हणाले. डोकं दुखू लागलं तेव्हाच आल्या असत्या तर बरीच नजर वाचली असती.

"चांगलं झालं, डॉक्टरसाहेब," भिमाबाई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात येताच दीक्षाचा बांध फुटला. आयुष्यात पहिल्यांदा ती आईवर ओरडली. "चांगलं काय झालं? काय चांगलं झालं, सांग ना! माझ्यासाठी एकदा तरी नाही म्हण गं!" बाकांवरची माणसं वळून बघत होती. भिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. दीक्षाला आपल्या ओरडण्याची लाज वाटली, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

घरी आल्यावर तिनं सेन्सर काढून ठेवला. दिवा छतावरून वायरसकट उतरवून हातात घेतला, लावला आणि आईच्या कात्री धरलेल्या हातांवर उंच धरला.

"आता?"

"न्हाई," भिमाबाई चाचरत म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडाला नवा होता.

तिनं दिवा खाली आणला. "आता?"

"न्हाई."

अजून जवळ. "आता?"

"हां. माझी बोटं दिसायल्यात. कात्री दिसायलीय." मग त्यांनी मान वर केली. "तुझं तोंड दिसंना, दीक्षे."

दीक्षानं दिव्याचं दुधी झाकण काढलं आणि तो उलटा फिरवून सगळा उजेड आपल्या चेहऱ्यावर घेतला. डोळे मिटू नयेत म्हणून ती धडपडत होती. "आता, आई?"

भिमाबाई पुढे झुकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. आईनं या एका वेळी तरी खोटं बोलावं, असं दीक्षाला आतून फार वाटत होतं.

"न्हाई गं, बाई," भिमाबाई म्हणाल्या.