रुक्माबाईचा धोटा

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवून बघा, कसा गुळगुळीत लागतो! बेळगावजवळच्या शहापूरच्या रुक्माबाईच्या तळहातानं मला असं केलंय. मी एक जुना धोटा. हातमागाच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळायचं, हा माझा जन्माचा धंदा.

खानापूरच्या शिसवी लाकडातून एका सुतारानं मला कोरलं. नवऱ्याचा, यमनाप्पांचा, गुडघा धरला तेव्हापासून मागावर रुक्माबाई बसू लागली. माझ्या पळण्याच्या ठेक्यावर ती ओव्या रचायची. तिला अक्षरओळख नव्हती. ओवी जमली की टाकाऊ सुताला एक गाठ मारायची. अमावास्येला माग बंद. त्या दिवशी ती गाठी चाचपत ओव्या म्हणे आणि यमनाप्पा वहीत उतरवून घेत. छापायला कुणी प्रकाशक पुढे येईना, तेव्हा दोघांनी खडेबाजारातल्या छापखान्यात स्वतःच पुस्तक छापून घेतलं. १९३७ साली त्याला बेळगावात बक्षीस मिळालं आणि मला आभाळ ठेंगणं झालं!

समारंभात दुसरे बक्षीसवाले होते निपाणीचे परशराम मास्तर. त्यांनीही त्याच छापखान्यातून स्वतःच पुस्तक काढलेलं. "वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकून लिहावंसं वाटलं," असं ते छान बोलले.

मग अध्यक्षांनी रुक्माबाईला विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं?" रिकाम्या हातानं ती कधी ओवी बोललीच नव्हती. खुर्चीवर तिची दातखीळ बसली.

"छापखान्यात मी वही पाहिली. अक्षर यमनाप्पांचं आहे," मास्तर म्हणाले. "मग लेखक नेमका कोण?"

सभेत कुजबुज सुरू झाली. आता बक्षिसावरचं तिचं नाव खोडतात की काय, या भीतीनं मी गारच पडलो.

यमनाप्पा लंगडत उठले. "मी निस्ता लिवणारा! मला एक ओळबी जुळत न्हाय!" सकाळी रुक्माबाई मागावरून उठली तेव्हा निघायच्या घाईत मला त्यांनी कोटाच्या खिशात कोंबलं होतं. तिथून काढून त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "घे गं, टाक बघू."

रुक्माबाईनं मला उजव्या हातातून डाव्या हातात फेकलं, परत उजव्यात. आणि बोलली:

"खुर्चीवर बसले, बोल माझे रुसले,
धोटा हाती येता, हसले ते!"

सभा खो खो हसली. मग एकापाठोपाठ एक सात ओव्या झाल्या. मास्तरांनी हात जोडले. "आक्का, मी चुकलो."

"चुकला न्हायसा. इचारलासा म्हणून तर समद्यांनी ऐकलं," ती म्हणाली. मग मला कपाळाला लावून म्हणाली, "ह्यो पळतोय म्हणून मला सुचतंय. लई उपकार हैत ह्याचं." मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही, नाहीतर मी तिथंच रडलो असतो.

अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. तिनं काठ उलटून वीण पाहिली. "लई सुबक हाय. कुणी विणली वो?"

भरल्या सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाल घेऊन बाजारात दुकानोदुकान विचारत हिंडली. विणणाऱ्याचं नाव कळेपर्यंत तिनं ती पुन्हा अंगावर घेतली नाही. मित्रांनो, नवं कापड अंगावर चढवताना तुम्हीही एकदा एवढं विचारत जा.