तरीही बंद करायचं?

बाबांनी हरवलेल्या फाइली शोधणारा चौथा प्रोग्राम चालू केला आणि चष्मा कपाळावर सरकवला. हेन्नाने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. सकाळचा कप शेजारी तसाच गार झाला होता.

आईला पुरून नऊ दिवस झाले होते. दफनानंतर सगळे चर्चच्या हॉलमध्ये कॉफीला बसलेले असताना आईची मैत्रीण आउनेमावशी हेन्नाचा हात धरून म्हणाली होती, की पत्र मिळालं ना गं, महिनाभर तुझ्यासाठी लिहीत होती कॉम्प्युटरवर. तेव्हापासून बाबा आईच्या लॅपटॉपसमोरून उठले नव्हते.

फाइल पहिल्याच दिवशी सापडली होती. नाव 'हेन्नाला', तारीख बारा फेब्रुवारी. आत दोनच शब्द होते: प्रिय हेन्ना.

पुढचं कुठे गेलं ते शोधायचं होतं. कायानी गावाच्या नगरपालिकेत बाबांनी सदतीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले होते. अपडेट आलं की त्याच दिवशी घालायचं, आज नको म्हणणाऱ्याचंच यंत्र उद्या मान टाकतं, हे त्यांनी अख्ख्या कचेरीला पढवलं होतं. घरात मात्र त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आई एकदा उघडलेलं काही बंद करायची नाही, सेव्ह तर नाहीच नाही. समोर दिसतंय की, म्हणायची.

हेन्ना या पत्रासाठी तीन वर्षं थांबली होती, असंच म्हणायला हवं. ती नवऱ्याला सोडून आली तेव्हा आई म्हणाली होती, सोन्यासारखं घर मोडलंस. त्यानंतर फोनवर दोघी फक्त हवामानाचं बोलत. शेवटच्या आठवड्यातही हेन्ना उशाशी बसून बर्फ वितळतोय म्हणून सांगत राहिली. त्याची तिला लाज वाटत होती.

प्रोग्राम थांबला. सापडलेल्या फाइली: शून्य.

बाबांनी लॅपटॉपवर झालेल्या अपडेटची यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. चौदा मार्च, दुपारी दोन सव्वीस, अपडेट पूर्ण.

"ती झोपली होती," ते म्हणाले. "म्हटलं, उठेपर्यंत करून टाकू. कॉम्प्युटरने विचारलंही होतं मला. बदल सेव्ह केलेले नाहीत, तरीही बंद करायचं? मी हो म्हटलं. सदतीस वर्षं सगळ्यांचंच काहीतरी महत्त्वाचं उघडं असायचं गं. दर वेळी निघायची वाणसामानाची यादी."

"आई काही बोलली?"

"उठल्यावर बघितलं तिने. म्हणाली, काही नव्हतं रे."

बाबांचे हात टेबलावर पडून होते. ते कधी रडत नसत, आताही रडले नाहीत. पण तो चेहरा हेन्नाला बघवेना.

"मला माहीत आहे काय होतं ते," ती बोलून गेली. "आईने फोनवर वाचून दाखवलं होतं. आदल्याच दिवशी."

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग 'हेन्नाला' उघडून त्या दोन शब्दांखाली कर्सर नेला.

"सांग. मी लिहितो."

आता माघार घेता येत नव्हती. हेन्नाने सांगायला सुरुवात केली. बाबांकडे लक्ष दे. ते हातमोजे विसरतात, आणि भूक लागली तरी सांगत नाहीत. तळ्याकाठच्या घराचं छत या उन्हाळ्यात बघून घ्या. बाबा दोन बोटांनी टाइप करत होते, जन्मभर तसेच करत आले होते.

"आणि तुझ्याबद्दल?"

हेन्नाने तोंड उघडलं. जे आईने म्हणावं म्हणून ती इतकी वर्षं थांबली होती, ते स्वतःच्या तोंडाने तिला म्हणता येईना. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

टाइप करण्याचा आवाज थांबला नव्हता. तिने वळून पडद्याकडे पाहिलं.

घर मोडलंस म्हणाले ते चुकलंच माझं. तू तिथे किती सोसलंस, ते मी एकदाही विचारलं नाही.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी पूर्णविराम दिला, बोटं कीबोर्डवर तशीच ठेवली आणि म्हणाले,

"पुढे काय होतं?"