वाळूने भरलेला चषक

मित्रांनो, मी नावे कोरणारे एक जुने यंत्र आहे. माझा एक हात पितळी अक्षरावरून फिरतो आणि दुसरा हात पोलादी टोकाने तेच अक्षर धातूवर लहान करून कोरतो. मला वीज लागत नाही. चालवणाऱ्याचा हात मात्र थरथरता चालत नाही.

कारखान्यात मी वर्षानुवर्षे जाड पत्र्याच्या पाट्या कोरल्या. मग संगणकावरचे यंत्र आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. कारखाना बंद पडला तेव्हा मला चालवणाऱ्या बाईंनीच मला भंगारातून सोडवले आणि चषक, सन्मानचिन्हे कोरून देण्याचे दुकान काढले.

बाईंच्या सासूबाईंनी नाक मुरडले. "चषक काय, कोपऱ्यावरचा खेळणीवालासुद्धा विकतो."

"चषक सगळेच विकतात, आई. मी त्यावर नाव कोरून देणार, कमाई त्यात आहे. वर्षभरात दुकान पायावर उभं राहिलं नाही, तर मुकाट्यानं नोकरी शोधेन."

पहिल्याच घासाला खडा लागला. बाईंना सवय जाड पत्र्याची. त्यांनी पोकळ चषक तसाच माझ्या पकडीत आवळला, जोर दिला आणि त्याला भला मोठा पोचा पडला. गिऱ्हाईक तोंड वाकडे करून गेले. टोक माझे होते, म्हणून मला फार वाईट वाटले. त्यानंतर बाई चारचौघांसारख्या पट्ट्या कोरून चषकांना चिकटवू लागल्या. मग गिऱ्हाइकांनी मुद्दाम आमच्याकडे का यावे?

वर्ष संपत आले. अशात एका क्रीडा मंडळाचे चिटणीस फिरता चषक घेऊन आले. दरवर्षीच्या विजेत्याचे नाव थेट चषकाच्या अंगावर कोरलेले होते.

"सगळ्या दुकानदारांनी हात वर केले, बाई. पोचा पडला तर जुनी नावंही जातील."

"उद्या या, तुमच्यासमोरच कोरते," बाई म्हणाल्या. मला धडकीच भरली.

बाई तो पोचा पडलेला चषक समोर घेऊन बसल्या. सासूबाई भाजी निवडता निवडता पुटपुटल्या, "तुझे सासरे नळाचा पाइप वाकवण्याआधी त्यात वाळू ठासायचे. नाहीतर तो चेपायचा."

बाई ताडकन उठल्या. त्यांनी चषकात ओली वाळू ठासली, तोंड घट्ट बांधले आणि मला कामाला लावले. पत्रा जागचा हलला नाही. खात्री पटेपर्यंत त्यांनी तो चषक अक्षरांनी भरून टाकला.

दुसऱ्या दिवशी फिरत्या चषकावर नवे नाव उमटले, जुन्या नावांना धक्काही न लागता. चिटणिसांनी दुसऱ्या मंडळांना सांगितले, त्यांनी तिसऱ्यांना. फिरता चषक दरवर्षी नव्या नावासाठी परत येतोच. नोकरीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

आता माझे सांधे कुरकुरतात. मित्रांनो, जुन्या यंत्राला वेळेवर तेल द्या, काम झाले की अंगावर फडके टाका. तेवढ्यावर आम्ही खूप वर्षे काढतो. आणि तुम्हाला कधी चषक मिळाला, तर कपाटावर ठेवण्याआधी कोरलेल्या नावावरून एकदा बोट फिरवा. नाव तुमचे असले, तरी ते कोरताना दुसऱ्याच कुणीतरी श्वास रोखून धरलेला असतो.